ज्योतिषाच्या डेस्कातलं सॉकेट

आमच्या मंडळात एखाद्याला नाटकातून काढायचं असलं की त्याचा सत्कार करतात. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल, आणि पहिल्या रांगेत गादीची खुर्ची. त्या खुर्चीत माणूस एकदा बसला की परत रंगमंचावर चढत नाही. कोणी त्याला 'तुम्ही आता थांबा' असं म्हणत नाही. फक्त टाळ्या वाजवतात, आणि एवढ्या प्रेमाने वाजवतात की बिचाऱ्याला रागावताही येत नाही.

सिल्वासात आम्ही मराठी लोक दोन दिशांनी आलो. माझ्यासारखे धुळे-जळगावकडून कारखान्यांत नोकरीला आले, आणि मुंबई-कोकणाकडचे सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत. वर्षभर आम्ही एकमेकांच्या बोलण्याला हसतो आणि दिवाळीनंतरच्या स्नेहसंमेलनात एकत्र नाटक करतो. नाटक लिहिते आणि बसवते माझी बायको. मी पडद्यामागे उभा राहून वाक्यं पुरवतो. थोडक्यात, घरी चालतं त्याच्या बरोबर उलट; तिथे वाक्यं ती पुरवते.

त्या वर्षी सत्कारासाठी नाव निघालं गुरुजींचं.

गुरुजी इथल्या सरकारी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. मूळचे कोकणातले, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला ते कानात बोलल्यासारखं वाटावं. मंडळाचं एकही नाटक त्यांच्याशिवाय झालेलं नव्हतं. पण त्यांचे कान गेले. यंत्र लावलं तर हॉलच्या माइकजवळ ते शिट्टी मारायचं, काढलं तर समोरच्याचं वाक्य संपलं कधी हे त्यांना कळायचं नाही. आदल्या वर्षी नायिकेने 'या ना, बसा ना, चहा घ्या ना' असं आळवून आळवून सांगितलं, आणि गुरुजी प्रसन्न चेहऱ्याने तिच्याकडे बघत उभे राहिले. लोक हसले. ते हसणं नाटकाला नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना कळलं. गुरुजींनाही.

सभेत आमचे अध्यक्ष, सरकारी कचेरीतले मोठे साहेब, घसा साफ करून म्हणाले, "यंदा गुरुजींचा यथोचित सत्कार करावा असं कार्यकारिणीच्या मनात आहे."

गुरुजींना त्यातलं अक्षर ऐकू गेलं नाही. पण सगळे एकदम आपल्याकडे बघून मान हलवायला लागले की काय समजायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. इतक्या जणांच्या सत्काराला त्यांनीच तर टाळ्या वाजवल्या होत्या. ते माझ्या बायकोकडे वळले आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, "यंदा माझी भूमिका कसली गो?"

बायकोने वहीत डोकं घातलं. बाकीचे पंख्याकडे बघायला लागले. आणि अशा शांततेत मला गप्प बसता येत नाही, हा माझा जन्मजात रोग आहे. मी उभा राहिलो. हात पसरले. "गुरुजींना ऐकू यायची गरजच काय? मी शब्द त्यांच्या डोळ्यांसमोर आणून ठेवतो. इकडे विंगेत मी बटण दाबणार, तिकडे रंगमंचावर वाक्य उमटणार. कॉम्प्युटरने!"

टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, "उत्तम. रंगीत तालमीला दाखवा. जमलं तर भूमिका, नाही तर सत्कार. शाल मात्र मी आणून ठेवतो."

स्कूटरवरून घरी येताना बायको मागून म्हणाली, "काय बोलून राहिले होते तुम्ही तिथं? तुम्हाला कॉम्प्युटरचं काय येतं हो?"

"मी कारखान्यात रोज कॉम्प्युटरवरच बसतो."

"तुम्ही सुताचे रिपोर्ट छापता! तेही प्रिंटर अडकला की बोंबलता!"

हे खरं होतं. राखोलीच्या कारखान्यात मी सुताची ताकद तपासतो. यंत्र धागा ओढतं, तुटेपर्यंत ओढतं, आणि आकडा पडद्यावर येतो. तो आकडा कुठून कसा येतो हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलंही नव्हतं.

पहिला प्रयोग सोपा केला. गुरुजींच्या समोर फोन ठेवला आणि मी माझ्या फोनवरून वाक्यं मेसेजने पाठवली. बायकोने गुरुजींना यंदा ज्योतिषी केलं होतं, कारण ज्योतिषी दर वाक्याआधी पत्रिकेत डोकं घालतो, त्यामुळे खाली बघितलेलं कोणाला खटकत नाही. बाई हुशार आहे, हे मी तिच्या पश्चात नेहमी कबूल करतो. तालीम झकास चालली होती. एवढ्यात गुरुजींनी पत्रिकेत बघितलं, डोळे मिटले आणि धीरगंभीर आवाजात म्हणाले, "सुप्रभात. आपला दिवस मंगलमय जावो. सोबत एक गुलाब आहे."

त्यांच्या मेहुण्याचा मेसेज मध्येच घुसला होता. शिवाय आमचा हॉल शेजारच्या अथालला, पत्र्याच्या छताचा. आत शिरलं की फोनची रेंज खिडकीपाशी जाऊन बसते. म्हणजे हा मार्ग बंद. मला आमचा स्वतःचा, खाजगी, मेहुणेमुक्त रस्ता हवा होता.

मुलगी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "अहो बाबा, घरचा राउटर हॉलमध्ये लावा. इंटरनेट नको, नुसता राउटर. दोन लॅपटॉप त्याला जोडा, आणि सॉकेट वापरून एकाने पाठवायचं, दुसऱ्याने घ्यायचं. थांबा, मीच लिहून पाठवते."

"नको! सभेत शब्द मी दिलाय."

"तुम्ही शिकणार? पायथन?"

"का? या वयात लोक गाणं शिकतात, पोहायला शिकतात."

"आणि बुडतात," ती म्हणाली. पण तिच्या आवाजात हसू होतं. "बरं. शिका. अडलं तर फोन करा. लिहून मात्र आता मागितलंत तरी देणार नाही."

आणि मग, वाचकहो, माझ्या आयुष्यातले फार मजेचे दिवस सुरू झाले. सकाळची पाळी संपवून घरी यायचं, चहा घ्यायचा, आणि व्हिडिओ लावून बसायचं. जे समजायचं ते लगेच बायकोला करून दाखवायचो, कारण एकट्याला समजलेली गोष्ट मला अर्धीच समजल्यासारखी वाटते. सॉकेट म्हणजे बोलण्याचं एक टोक. एक टोक इकडे, एक तिकडे. कॉम्प्युटरचा पत्ता म्हणजे आमची बिल्डिंग, आणि पोर्ट म्हणजे फ्लॅटचा नंबर. सर्व्हर आधी एका फ्लॅटच्या दारात खुर्ची टाकतो, मग कान टवकारतो, आणि कोणी आलं की 'या' म्हणतो. हे तिन्ही मी आमच्या दारात खरीखुरी खुर्ची टाकून केलं. समोरच्या गुजराती काकी कचरा टाकायला बाहेर आल्या, मी हात जोडून 'या' म्हणालो. त्यांनी बायकोला विचारलं, "भाईने सारूं छे ने?" भाई बरे आहेत ना? बायको म्हणाली, "नाटक बसवताहेत."

पहिला प्रोग्रॅम लिहिला. सुरू केला. काहीच नाही. काळा पडदा, लुकलुकणारी रेघ, आणि शुकशुकाट. बंद केला, परत लावला. तेच. कारखान्यात यंत्र असं गप्प झालं की आम्ही मेंटेनन्सला हाक मारतो. मी पुण्याला मारली.

"बाबा, दुसरा प्रोग्रॅम लावला का? पाठवणारा?"

"आधी हा तर चालू दे!"

"तो चालूच आहे. कोणीतरी येईपर्यंत तो तिथेच थांबतो. बिघडलेला नाही, वाट बघतोय."

मला एकदम त्या प्रोग्रॅमबद्दल माया वाटली. मी उगाच त्याला इतक्या वेळा बंद केलं. दुसरी खिडकी उघडली, दुसरा प्रोग्रॅम लावला, 'hello' लिहून पाठवलं, आणि पहिल्या खिडकीत 'hello' उमटलं! मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोचा हात धरून तिला बाहेर आणलं. तिच्या हाताला कणीक होती.

"हे काय? इकडे लिहिलं आणि इकडेच आलं?"

"अगं, पण गेलं आणि आलं!"

मग 'नमस्कार' पाठवला, तर प्रोग्रॅम धाडकन आडवा. इंग्रजी अक्षर एका घासात मावतं, आपल्या अक्षराचे तीन तुकडे होतात, आणि मी घेणाऱ्याचा घास ठेवला होता लहान. नमस्कार मधोमध मोडला होता. घास भरपूर मोठा केला. नमस्कार सुखरूप पोचला. मी त्याला परत नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून जुना लॅपटॉप मागून आणला, राउटर मध्ये ठेवला, आणि खरी परीक्षा घेतली. एकाने दुसऱ्याला स्पष्ट नकार दिला. पुन्हा. पुन्हा. मी राउटर खिडकीत ठेवला, कपाटावर ठेवला, देवघराजवळही ठेवून पाहिला. शेवटी मुलीने फोनवर माझ्याकडून पहिली ओळ वाचून घेतली आणि ती खदखदून हसायला लागली.

"बाबा, तुम्ही एकशे सत्तावीसचा पत्ता दिलाय. तो पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. तुमचा सर्व्हर फक्त स्वतःशी बोलतोय. बाहेरच्या कोणाचं ऐकतच नाहीये."

स्पीकर चालू होता. बायको आतून म्हणाली, "लिहिणाऱ्यावर गेलाय."

पत्ता बदलला. आणि मग घरातल्या बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात, मधल्या भिंतीच्या आरपार, वायरीशिवाय, माझं वाक्य गेलं: 'चहा मिळेल का?' स्वयंपाकघरातून ओरडून उत्तर आलं, "नाही!" मी नाचलो. खोटं नाही सांगत. या वयात, लुंगीवर.

इथे मी थांबायला हवं होतं. पण नाटकवाला माणूस. नुसतं वाक्य फटकन उमटणं मला रुक्ष वाटलं. मी त्यात एक शोभा घातली: अक्षरं एकेक करून, टपटप टपटप, पडद्यावर उतरायची. गुरुजींना सोपं जावं म्हणून एक खूणही ठरवली. ज्या वाक्याच्या आधी चांदणी, ते समोरच्याचं; ते फक्त वाचायचं. चांदणी नसेल ते आपलं, ते बोलायचं.

मुलगी म्हणाली, "बाबा, एक वाक्य कुठे संपतं हे तुम्ही पाठवताय का? सॉकेटमधून जातं ते पाण्यासारखं जातं. तुम्ही दोन तांबे वेगवेगळे ओतलेत तरी पलीकडे ती एकच धार."

"अगं, इथे अगदी एकेक वाक्य नीट येतंय."

"सावकाश पाठवता म्हणून. घाईत पाठवलं की चिकटतील."

"नाटकात कसली घाई," मी म्हणालो.

रंगीत तालीम छान झाली. लॅपटॉप ज्योतिषाच्या बैठ्या डेस्कात लपवला, वर पंचांग उघडं ठेवलं. गुरुजी खाली बघायचे, दाढी कुरवाळायचे, आणि वाक्य टाकायचे. एकदाही चुकले नाहीत. तालीम संपल्यावर त्यांनी डेस्कावर हात फिरवला आणि मला म्हणाले, "ह्या पडद्यावर तुझ्या बायकोचं वाक्य दिसतं, म्हणजे मला आता समोरचं माणूस काय बोलतं ते समजतं. घरी पण बसवून दे रे एक."

अध्यक्षांनी भूमिका दिली. शाल मात्र परत केली नाही. "कार्यक्रमाच्या शेवटी बघू," म्हणाले. आणि प्रयोगाच्या संध्याकाळी पहिल्या रांगेत ती गादीची खुर्ची होतीच, रिकामी, वर एक गुलाब ठेवलेला. पडदा उघडला की गुरुजींना बरोबर समोर दिसेल अशी.

पडदा उघडला. हॉल खच्चून भरलेला. माझी बायको, कुकरची शिट्टी हरवलेली गृहिणी होऊन, ज्योतिषासमोर पदर खोचून बसली होती. पहिली काही वाक्यं झाली, हशा पिकला, आणि हशा पिकला की ही बाई सुसाट सुटते. तालमीत जे वाक्य ती दमाने म्हणायची ते, शिट्टीची पूर्ण हकीकत, तिने एका झपाट्यात संपवलं. तिकडे डेस्कात माझी शोभिवंत अक्षरं अजून टपटप उतरत होती. ती गप्प झाली. गुरुजी खाली बघून अजून वाचताहेत. मी बटण दाबलं, गुरुजींचं वाक्य पाठवलं. गुरुजी गप्प. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. मला गादीची खुर्ची दिसली, तिच्यावरचा गुलाब दिसला. मी घाबरून पुन्हा बटण दाबलं.

आणि पुन्हा दाबलं म्हणजे काय झालं? पुढचं वाक्य गेलं. बायकोचं. दोन्ही तांबे पलीकडे एका धारेत पडले. पडद्यावर दोन वाक्यं एकाला एक चिकटून उमटली, मध्ये कुठेतरी एक बारीकशी चांदणी. गुरुजींनी सुरुवातीला चांदणी नाही एवढं बघितलं, मान वर केली, आणि शेवटच्या रांगेच्या कानात बोलणाऱ्या त्या आवाजात सगळं सलग म्हणून टाकलं:

"बाई, वस्तू घरापासून लांब नाही, पूर्वेला शोधा, अगं बाई पूर्वेला तर शेजारीण राहते, तिनंच नेली असणार, मला मेलीचा पहिल्यापासून संशय!"

मी विंगेत डोळे मिटले. सत्कार, मी म्हटलं. संपलं.

बायको आ वासून बसली होती. तिचं वाक्य तिच्या तोंडातून काढून घेतलं होतं, आणि तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. म्हणून तिने जे खरं होतं ते सांगितलं. दोन्ही हात गालांवर ठेवून किंचाळली, "अय्या! हे तर मी आत्ता बोलणार होते!"

पत्र्याचं छत उडायचं राहिलं, एवढंच. ज्योतिषाने बाईच्या मनातलं, तेही बाईच्याच शब्दांत, तिच्याआधी सांगितलं होतं! लोक गुडघ्यांवर थापा मारत होते. अध्यक्ष हसता हसता कलंडले ते थेट शेजारच्या गादीच्या खुर्चीत, गुलाबावर.

गुरुजींना काय झालं ते ऐकू आलं नाही. त्यांनी समोर बघितलं. पहिली रांग गदगदा हलत होती, मागची हलत होती, कडेला उभी असलेली माणसं भिंतीला धरून वाकली होती. गेल्या वर्षीही त्यांनी माणसं हसताना बघितली होती. ते क्षणभर थबकले. मग त्यांनी माझ्या बायकोकडे बघितलं. तिने पदराआडून हात वर करून त्यांना खूण केली: झकास.

गुरुजींनी डेस्कातल्या पडद्यावर पुन्हा बघितलं, मधली चांदणी त्यांना दिसली, आणि त्यांनी दाढी कुरवाळली. सावकाश. आणि मी, शहाणा झालेला, अगदी जपून एकेक वाक्य पाठवायला लागलो. तसा त्यांचा डावा हात डेस्काखालून हळूच विंगेकडे आला आणि बोटं हलली. आण. अजून आण. चिकटव.

मी चिकटवली. प्रत्येक वेळी बायको रागावल्याचं सोंग करायची, कपाळावर हात मारायची, 'मग मी घरी जाऊ का, तुम्हीच बोला दोघांचं' म्हणायची, जे वहीत कुठेच नव्हतं. तिचं लिहिलेलं नाटक तिच्याच डोळ्यांदेखत दुसरंच काहीतरी झालं, आणि ती त्या दिवशी जेवढी सुंदर दिसली तेवढी आमच्या लग्नातही दिसली नव्हती.

शेवटी अध्यक्ष शाल घेऊन वर आले. चुरगळलेला गुलाब त्यांच्या कोटाला चिकटलेला. माइक हातात घेतला आणि घसा साफ केला. गुरुजींनी त्यांच्या हातातून शाल घेतली, झटकली, आपल्या खांद्यावर ओढून घेतली, आणि परत डेस्कामागे जाऊन बसले.

"बरी आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी ज्योतिषाला लागेल."

त्या रविवारी मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी खूण पाठवायची, घेणाऱ्याने धार साठवून ठेवायची आणि खुणेपाशी तोडायची. मुलीच्या मदतीशिवाय जमलं. कितीही घाईने बटण दाबा, एक वाक्य दुसऱ्याला शिवत नव्हतं. अभिमानाने दोन्ही लॅपटॉप आणि राउटर काखोटीला मारून गुरुजींकडे गेलो आणि एक लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडला. त्यांनी चष्मा लावला, एक वाक्य वाचलं, दुसऱ्याची वाट बघितली, ते वेगळं आल्यावर भुवया आक्रसल्या.

"तुझ्या बायकोचं वाक्य सुटं का आलं?"

मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'ते ती बोलेल. तुमचं फक्त तुम्ही.'

गुरुजींनी कागद बाजूला सारला. "मग मी ज्योतिषी कसला? होतं तसं कर बघू."

मी तिथूनच पुण्याला फोन लावला आणि मुलीला विचारलं, दोन वाक्यं मुद्दाम चिकटवायची असतील तर कसं करायचं. पलीकडे फोन धपकन खाली पडल्याचा आवाज आला. मला वाटलं लाइन तुटली. तुटली नव्हती. ती हसून हसून बोलू शकत नव्हती.